पिचर निवृत्त होते, पण कळत कुणालाच नाही

खास प्रतिनिधी

लोहा (जि. नांदेड) : आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे १४१ वे अधिवेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पाच खेळांचा समावेश करण्यावर १६ ऑक्टोबरला तेथे शिक्कामोर्तब झाले. १२८ वर्षांनंतर क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये परतणार, या बातमीने आपल्याकडे बाकी सारे झाकून टाकले आणि ते साहजिकही होते. त्याच ठरावात बेसबॉलसोबत सॉफ्टबॉलचेही नाव होते. महाराष्ट्र हे या खेळातील देशातील बलाढ्य राज्यांपैकी एक. निर्णयही महाराष्ट्राच्याच राजधानीत झाला. तरीही त्या दिवशी सॉफ्टबॉलविषयी कुणी चार ओळी वाचल्या असतील, असे वाटत नाही.

लोहा हे नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. अशा गावांत सॉफ्टबॉल पोहोचला तो शाळेच्या दारातून. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट आहेत, तालुका-जिल्ह्यापासून राज्यापर्यंत पायऱ्या आहेत. क्रिकेटएवढे साहित्य लागत नाही, मैदानही तुलनेने लहान चालते आणि मुलींचा संघ उभा करणे क्रीडाशिक्षकाला शक्य होते. अशा संघात एक मुलगी अशी असतेच, की जिच्या हाताला चेंडू खालून, झपाट्याने आणि सरळ टाकण्याची उपजत सवय असते. शिक्षक तिला मैदानाच्या मध्यावर उभे करतात. ती पिचर होते. पुढची चार-पाच वर्षे संघ तिच्या खांद्यावर चालतो. बारावी होते, फार तर महाविद्यालयाची दोन वर्षे जातात आणि तिचा खेळ थांबतो. निरोप नाही, सत्कार नाही, बातमी तर नाहीच. आपण शेवटचा चेंडू कोणत्या दिवशी टाकला, हे तिला स्वतःलाही बहुधा सांगता येणार नाही.

खेळाडूची निवृत्ती हा आपल्याकडे मोठ्या नावांपुरता मर्यादित असलेला विषय आहे. पत्रकार परिषद, डोळ्यांत पाणी, मैदानाची फेरी, एवढे झाले की आपण निवृत्ती मानतो. वस्तुतः खेळाडूच्या मनोवृत्तीचा अभ्यास करायचा तर तो निवृत्तीच्या टोकाकडूनच करावा लागतो. स्पर्धा करताना मन कसे घडते आणि ती स्पर्धा संपल्यावर त्या मनाचे काय करायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असतात. सॉफ्टबॉलमध्ये हे पिचरच्या बाबतीत जितके ठळकपणे दिसते, तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या जागेवर दिसत असेल.

क्रिकेटच्या वाचकांना हा फरक चटकन कळावा म्हणून थोडा हिशेब मांडतो. क्रिकेटमधला गोलंदाज सहा चेंडू टाकतो आणि सीमारेषेकडे जातो; पुढचे षटक दुसरा टाकतो. त्याला विसावा आहे, कर्णधाराशी बोलायला वेळ आहे, चूक झाली तर ती विसरायला एक पूर्ण षटक आहे. सॉफ्टबॉलच्या पिचरला यातले काहीच नाही. सामना सात इनिंगचा. तिला बदलले नाही, तर तिच्या संघाच्या क्षेत्ररक्षणाच्या काळातला प्रत्येक चेंडू तिच्याच हातून सुटतो. महिलांच्या खेळात पिचिंगचे अंतर ४३ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर. ताशी १०० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. क्रिकेटमध्ये ताशी १४५ किलोमीटरच्या गोलंदाजाला खेळताना फलंदाजाला साधारण तेवढाच वेळ मिळतो. हात चक्रासारखा पूर्ण फिरवून कमरेजवळ चेंडू सोडायचा, मनगटाच्या एका झटक्यावर तो वर उसळणार की खाली बुडणार ते ठरवायचे. कॅचर बोटांनी खूण करते, पिचर मान हलवते आणि मग संपूर्ण मैदान तिच्याकडे पाहत राहते. फटका तिच्याच अंगावर परत येऊ शकतो, ही भीती वेगळीच.

म्हणून या जागेवर टिकणाऱ्या खेळाडूंमध्ये एक विशिष्ट सवय तयार होते. मागचा चेंडू त्या मनातून पुसून टाकतात. हे वाक्य कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात ऐकायला मिळते. पण पिचरसाठी ते तत्त्वज्ञान नसून कामाची गरज आहे. चार ‘बॉल’ पडले की समोरची बॅटर फुकट पहिल्या बेसवर जाते. मागच्या चुकीचा विचार करत टाकलेला चेंडू हटकून चुकतो आणि विसरण्यासाठी तिच्याकडे असतात फक्त काही सेकंद. ही सवय खेळताना वरदान ठरते. खेळ सुटल्यावर मात्र तीच अडचणीची होते, कारण जिने वर्षानुवर्षे फक्त पुढच्या चेंडूचा विचार केला, तिला पुढचा चेंडूच नसला तर काय करायचे, हे कुणी शिकवलेले नसते.

या मनोवृत्तीचे सर्वात मोठे उदाहरण जपानचे आहे. युकिको उएनो हिचा जन्म १९८२ चा. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तिने चीनविरुद्ध एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता सामना संपवला होता. परंतु तिचे नाव घरोघरी पोहोचले ते २००८ मध्ये, बीजिंगला. २० ऑगस्ट रोजी तिने एकाच दिवशी दोन सामने पूर्ण टाकले. पहिला अमेरिकेविरुद्ध नऊ इनिंगपर्यंत लांबला आणि जपान हरला. दुसरा ऑस्ट्रेलियाविरुद्ध, बारा इनिंगचा; तो जपानने जिंकला. दिवसभरात ३१८ चेंडू. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना पुन्हा अमेरिकेशी होता. उएनोने आणखी ९५ चेंडू टाकले आणि जपानने ३-१ असे सुवर्णपदक मिळवले. दोन दिवसांतले हे ४१३ चेंडू जपानमध्ये दंतकथेसारखे सांगितले जातात.

ही कथा स्फूर्तिदायक आहे, यात वाद नाही. तथापि, ती आपल्या तालुक्यातल्या मैदानावर जशीच्या तशी आणणे घातक आहे. चेंडू खालून टाकला की खांद्यावर ताण पडत नाही, असा एक जुना समज आहे. क्रीडावैद्यकाने तो केव्हाच खोडून काढला आहे. चक्राकार फेकीत खांद्यावर आणि दंडाच्या पुढच्या स्नायूंवर येणारा ताण वरून चेंडू फेकणाऱ्यांच्या तोडीचा असतो. आपल्याकडच्या शालेय संघांत बहुधा एकच चांगली पिचर असते. जिल्हास्तरीय स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकल्या जातात. सकाळचा सामना तिने टाकायचा, दुपारचाही तिनेच आणि अंतिम फेरी गाठली तर संध्याकाळचाही. तिने किती चेंडू टाकले, हे मोजण्याची पद्धत नाही. उएनो त्या दोन दिवसांत २६ वर्षांची होती, तिच्यामागे वर्षानुवर्षांचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण होते. इथल्या मुली १४-१५ वर्षांच्या असतात. यातल्या काहींचा खेळ अभ्यासाने किंवा लग्नाने नव्हे, तर खांद्याने संपवलेला असतो. पण ‘हात दुखतो’ एवढ्यावरच तो विषय मिटतो.

आता निवृत्तीकडे वळू. सॉफ्टबॉलच्या इतिहासात एक विलक्षण गोष्ट घडली आहे. जुलै २००५ मध्ये सिंगापूर येथील अधिवेशनात ऑलिम्पिक समितीने प्रत्येक खेळावर गुप्त मतदान घेतले. सॉफ्टबॉलच्या बाजूने ५२ आणि विरोधात ५२ मते पडली, एक सदस्य तटस्थ राहिला. बहुमत न मिळाल्याने २०१२ पासून खेळ बाहेर गेला. एका मताने एका पिढीची कारकीर्द संपवली, असे म्हणायला हरकत नाही. बीजिंगमध्ये सुवर्ण जिंकणारी २६ वर्षांची उएनो आणि रौप्यावर थांबलेली अमेरिकेची २५ वर्षांची कॅट ओस्टरमन, दोघींपुढे प्रश्न एकच होता. शरीर तयार आहे, हात तयार आहे, पण ज्यासाठी खेळायचे ती स्पर्धाच राहिली नाही. अशा निवृत्तीला काय म्हणायचे?

दोघींनी दोन वेगळी उत्तरे दिली. उएनो जपानमधील कंपन्यांच्या साखळी स्पर्धेत खेळत राहिली. तिकडे मोठे उद्योग खेळाडूंना नोकरीत घेतात, संघ चालवतात, त्यामुळे ऑलिम्पिक नसले तरी रोजचा सराव आणि महिन्याचा पगार थांबत नाही. ओस्टरमन मात्र प्रशिक्षणाकडे वळली. टेक्सास स्टेट विद्यापीठात तिने पिचर घडवण्याचे काम हाती घेतले आणि २०१५ मध्ये खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली. पुढे टोकियोसाठी सॉफ्टबॉल परत आल्यावर ती निवृत्तीतून बाहेर आली. २०२१ च्या अंतिम सामन्यात अमेरिकेची सुरुवातीची पिचर तीच होती. वय ३८. तेरा वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यातही सुरुवात तिनेच केली होती.

यात लक्षात घेण्याजोगा मुद्दा प्रशिक्षणाचा आहे. चांगला खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असे नाही, हे आपण नेहमी ऐकतो. पिचरच्या बाबतीत त्याचे कारण शोधता येते. तिचे बरेचसे ज्ञान मनगटात असते, शब्दांत नसते. चेंडू उसळतो कसा, हे तिला विचारले तर ती टाकून दाखवेल, पण पंधरा वर्षांच्या मुलीला ते सांगायचे तर बोटे शिवणीवर कुठे, नितंब केव्हा वळला, पाऊल किती लांब पडले, याचे तुकडे करावे लागतात. शिकवणाऱ्याला स्वतःची फेक प्रथमच बाहेरून पाहावी लागते. ओस्टरमनचे पुनरागमन शक्य झाले, त्यामागे या शिकवण्याचा वाटा असला पाहिजे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. वेग उतरणीला लागल्यावर चेंडूची जागा आणि फसवणूक यांवरच पिचर जगते आणि त्या गोष्टी शिकवताना पक्क्या होतात.

टोकियोच्या अंतिम सामन्यात, २७ जुलै २०२१ रोजी, याहून बोलका प्रसंग घडला. पाच दिवसांपूर्वीच ३९ वर्षांची झालेल्या उएनोने सामना सुरू केला. मधल्या काळात, २०१९ मध्ये, अंगावर आलेल्या चेंडूने तिचा जबडा मोडला होता, हेही येथे सांगितले पाहिजे. सहाव्या इनिंगमध्ये तिला बाहेर बोलावून २० वर्षांच्या मिऊ गोतो हिच्या हाती चेंडू देण्यात आला. गोतोने ती कठीण इनिंग निभावली. सातव्या इनिंगमध्ये उएनो परत आली आणि जपानने २-० असा विजय मिळवला. सुरुवातीला खेळलेल्या खेळाडूला एकदा बाहेर जाऊन पुन्हा खेळात येता येते, असा सॉफ्टबॉलचा नियम आहे. क्रिकेटमध्ये असा प्रकार नाही. हा निर्णय घेणाऱ्या प्रशिक्षक रेइका उत्सुगी २००४ च्या अथेन्स संघात उएनोच्या सहकारी खेळाडू होत्या. म्हणजे बेंचवर माजी खेळाडू, मैदानावर ज्येष्ठ पिचर आणि तिच्या जागी उभी राहू शकणारी तरुण पिचर, अशा तीन पिढ्या एका सामन्यात होत्या. बीजिंगमध्ये एकटीने ४१३ चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने टोकियोत भर अंतिम सामन्यात चेंडू दुसरीच्या हाती दिला आणि ती बाजूला बसली. तेरा वर्षांत बदललेली मनोवृत्ती पाहायची असेल, तर ती इथे आहे.

हे सारे जपान-अमेरिकेचे झाले, त्याचा मराठवाड्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. संबंध आहे आणि तो शोधायला लोह्याबाहेर फार दूर जावे लागत नाही. याच तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजाराइतकाच तिथला कुस्त्यांचा फड प्रसिद्ध आहे. कुस्ती सुटलेल्या मल्लाला आपल्या समाजात एक ठरलेली जागा आहे. तो वस्ताद होतो. तालमीत त्याचा शब्द चालतो, फडात त्याला मानाने बसवले जाते, पोरे त्याच्या पाया पडतात. खेळणे थांबले तरी खेळातले स्थान जात नाही.

लातूर जिल्ह्याने तर याचा वस्तुपाठच घालून दिला आहे. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, पुढे हिंद केसरी झाले, १९७७ मध्ये बेळगावात त्यांनी सतपाल यांना चीतपट केले. आखाड्यातून बाहेर पडल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते ‘मामा’ म्हणून मल्ल घडवत राहिले. २००६ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले लातूरचेच काका पवार स्वतः अर्जुन पुरस्काराचे मानकरी आणि नंतर प्रशिक्षक. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे आधी मामांकडे आणि त्यांच्या निधनानंतर काका पवारांकडे शिकला. २०१८ मध्ये त्याने राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, तर २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. तीन पिढ्यांची ही साखळी कोणत्याही शासन निर्णयाने तयार केलेली नाही.

मुलींच्या सांघिक खेळांत अशी साखळी अजून दुर्मीळ आहे. पण अगदीच नाही असे नाही. उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे खेळ सोडण्याचा विचार आपण केला होता आणि प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढल्याने मैदानावर परतलो, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. खेळाडू म्हणून एक दार बंद होण्याच्या सुमारास दुसरे उघडलेले होते, हे महत्त्वाचे.

सॉफ्टबॉल खेळणाऱ्या शेकडो मुलींसाठी दुसरे दार कोणते? प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रमाणपत्र. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतील कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. ते जास्तीत जास्त २५ असतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण २००५ पासून आहे. ग्रामीण भागातील अनेक मुलींना मैदानावर येऊ दिले जाते ते या आश्वासनामुळेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेतकरी बापाला मुलीच्या वर उसळणाऱ्या चेंडूचे कौतुक असते, पण पोलीस भरतीत त्याचा उपयोग होईल का, हे तो आधी विचारतो. त्यात वावगे काय आहे? बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, तेव्हा सर्वाधिक नुकसान झाले तेही अशाच खऱ्या खेळाडूंचे. त्यांच्या कागदांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

तथापि, प्रमाणपत्राचा परिणाम मनोवृत्तीवर होतो आणि तो तपासला पाहिजे. प्रमाणपत्र हेच उद्दिष्ट ठरले की ते हाती पडताच खेळण्याचे कारण संपते. मुलगी राज्य स्पर्धा खेळते, कागद मिळतो, तो प्लास्टिकच्या फाईलमध्ये जातो आणि ग्लोव्हज शाळेच्या कपाटात परत जातात. म्हणजे २००५ च्या मतदानाने उएनो आणि ओस्टरमनचे जे केले, तेच आमच्याकडे दरवर्षी निमूटपणे घडते. फरक एवढाच की त्या दोघींना आपले काही तरी हिरावले गेले हे ठाऊक होते. इथल्या मुलीला आपण निवृत्त झालो, हेच ठाऊक नसते. निवृत्तीची जाणीवच नसेल, तर पुनरागमनाचा किंवा शिकवण्याचा विचार येणार कुठून?

व्यवसाय म्हणून या खेळात पैसा नाही, हा आक्षेप खरा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या मोनिका ॲबट या पिचरला सहा वर्षांसाठी दहा लाख डॉलरचा करार मिळाला, त्याची तिकडेही मोठी बातमी झाली होती. कारण तो अपवाद होता. भारताचा सॉफ्टबॉल संघ आजवर ऑलिम्पिक खेळलेला नाही. टोकियोत एकूण सहाच संघ होते. २०२८ मध्ये सॉफ्टबॉलचे सामने लॉस एंजेलिसपासून दूर, ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत; तिथे मराठवाड्याची मुलगी दिसेल, अशी स्वप्ने विकणे हा या लेखाचा हेतू नाही. आम्ही वार्ताहर मंडळी ऑलिम्पिकचे नाव घेतल्याशिवाय लहान खेळाची बातमी छापत नाही, हा आमचाही दोष आहे.

प्रश्न त्याहून छोटा आणि सुटण्याजोगा आहे. शाळेत आज पिचिंग शिकवतो तो क्रीडाशिक्षक खो-खो, कबड्डी, ॲथलेटिक्स आणि शाळेची कवायत अशी सर्व कामे सांभाळतो. त्याने स्वतः पिचिंग केलेले असेलच असे नाही. नियमपुस्तक आणि आता मोबाइलवरचे व्हिडिओ यांवर तो काम भागवतो. त्याच गावात, बहुधा दोन-चार गल्ल्यांपलीकडे, शंभर सामने टाकलेली विशी-पंचविशीतली मुलगी भरतीच्या अभ्यासिकेत बसलेली असते किंवा लग्न होऊन सासरी दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते. तिला आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदानावर बोलवावे, असे कुणाच्या मनात येत नाही. तिच्याही मनात येत नाही, कारण प्रशिक्षक म्हणजे शिट्टी गळ्यात घातलेले सर, हे चित्र पक्के झालेले आहे. मानधन देण्यास शाळेकडे निधी नसतो, हे खरे. पण तालमीत वस्तादाला कोणता पगार होता? अर्थात वस्तादाला जो मान होता, तो या मुलीला द्यायची तयारी आहे का, हा त्यातला अवघड भाग. विवाहित मुलीने मैदानावर जाण्याला आजही अनेक घरांत नाके मुरडली जातात. तो मान सासरच्या घरापासून द्यावा लागेल.

निदान दोन गोष्टी लगेच करता येतील. जिल्हा स्पर्धेच्या गुणपत्रिकेवर प्रत्येक पिचरने दिवसभरात टाकलेल्या चेंडूंचा आकडा लिहिता येईल. त्यासाठी पेन्सिल पुरेशी आहे. आणि प्रत्येक संघाने एकाऐवजी दोन पिचर उतरवाव्यात, असा आग्रह आयोजकांना धरता येईल. दुसरी मुलगी तयार करायची म्हटले की पहिलीला तिला शिकवावे लागते. पंधराव्या वर्षीच ती दुसऱ्याच्या फेकीकडे पाहायला लागेल, बाजूला बसायला शिकेल, पुन्हा मैदानात यायलाही शिकेल.

पावसाळ्यात तालुका स्पर्धा सुरू होतात. त्याआधी पिचिंगचा सराव करायचा तर शाळेची एक भिंत, तिच्यावर खडूने काढलेला चौकोन आणि ४३ फूट मोजायला टेप लागते. वरिष्ठ गटाचे ते अंतर बऱ्याच मैदानांवर पावलांनी मोजले जाते आणि पावले सरांची असतात. टेप बहुतेक शाळांच्या साहित्याच्या कपाटात पडून आहे.